ओ न देणारीचं नाव

माय, आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुझ्या वयाच्या पुष्कळ पुढे निघून गेलं, पण भांडण तेच आहे. बाहुलीला नाव ठेवावं की ठेवू नये. तू म्हणालीस, ठेवू नये. मी ठेवलं. एकीलाच नाही, या घरात आहेत त्या सगळ्यांना ठेवलं. आणि नुसतं नाव नाही, कोण बाई, कोण बाप्या, कोणाचा स्वभाव तापट, कोणाचं कोणाशेजारी बसवलं तर पटत नाही, हे सगळं माझं ठरलेलं आहे. तू असतीस तर चुलीपुढून न उठता म्हणाली असतीस, "मास्तरीन झाली अन् अक्कल गेली." म्हण. मला आता त्याचं काही वाटत नाही.

भांडण पुन्हा निघालं ते एका कारकुनामुळे. सरकारी अजबखान्यात काचेची कपाटं असतात, त्यांत देशोदेशीच्या वस्तू मांडून लोकांना दाखवतात. तिथला हा कारकून. अकोल्यात मुलींच्या शाळेतली एक म्हातारी मास्तरीण वऱ्हाडभरच्या बाहुल्या जमवून बसली आहे, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तरुण होता, बोलणं पुण्याकडचं, वागणं अदबीचं. माझ्या फळीवरच्या बाहुल्या त्याने एकेक करून उतरवल्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधू लागला. 'चिंधीची बाहुली, माळी जात, अमरावती.' 'लाकडी बाहुली, पातूर.' मी म्हटलं, "ही पातूरची, तिचं नाव चिमा. तेही लिहा." तो हसला. "बाई, वस्तूला नाव नसतं. प्रकार असतो." मग त्याच्या हातात मातीची जोडी आली, कुंभाराकडची, गुडघ्यावर बाळ घेतलेली. त्याने न विचारता लिहिलं, 'भुलाबाई व भुलोजी.' मी विचारलं, "हिला बरं नाव लिहिलंत?" तो म्हणाला, "ती देवी आहे." मी म्हटलं, "भादव्यापर्यंत ती कुंभाराच्या आव्यातली माती असते. पोरी तिच्यापुढे बसून तिच्या सासूची गाणी म्हणतात, ती रुसली म्हणतात, माहेरी निघाली म्हणतात, म्हणून ती भुलाबाई. नाव पोरींनीच ठेवलं ना? मग माझी चिमा काय वाईट?" त्याने चिठ्ठी काही बदलली नाही.

सगळ्यांत शेवटी त्याने विलायती बाहुली उचलली. ती बघून त्याचा चेहरा उजळला. तिला उजेडाकडे धरून म्हणाला, "ही तर मोलाची आहे. पण हिचा मूळचा पोशाख कुठे गेला? आणि गालावर हा काळा डाग. तो पुसून द्यावा लागेल. आम्हाला मूळ रूपात हवी." मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. तो दचकला. माझ्याबद्दल गावात सगळे सांगतात की बाई कधी आवाज चढवत नाही, आणि मी तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हटलं, की विचार करून सांगते.

घरात त्यावरून वाद झाला. मी तुझ्या नातवाकडे राहते, माझ्या भावाच्या मुलाकडे. तो म्हणाला, "आत्या, देऊन टाक ना. काचीच्या कपाटात राहतीन, धूळ नाही, उंदीर नाही. तुह्या मागं यायले कोन पाहीन? माही बायको तं चुलीत घालीन." त्याची बायको आतून म्हणाली, "आत्याबाई, म्या असं कधी म्हटलं? यायच्याच मनात हाय अन् माह्या नावावर खपोते." दोघं हसले. मीही हसले. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला मूल नाही. मी गेले की या बाहुल्यांचं काय होणार, हे मला ठाऊक आहे. कपाटात गेल्या तर राहतील, पण कोणी म्हणून राहणार नाहीत. इथे राहिल्या तर कोणी म्हणून राहतील, पण किती दिवस? हाच माझा पेच, आणि हा पेच घेऊन मी तुझ्याकडे आले आहे, कारण याची सुरुवात तुझ्या चुलीपाशी झाली.

कापसाच्या तेजीची ती सालं. अमरावतीच्या परकोटाबाहेर आपला मळा. बाबाने त्या वर्षी वांगी उपटली, मेथीचे वाफे मोडले, झेंडूसुद्धा काढला आणि सगळीकडे कापूस पेरला. कुठेतरी दूर अमेरिका नावाच्या मुलखात लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आपल्याला भाव होता, असं लोक सांगत. अमेरिका कुठे आहे हे आपल्या आळीत कोणालाच माहीत नव्हतं, पण लढाई चालू राहावी असं सगळ्यांना वाटे. तू मेथीच्या मोडक्या वाफ्यात उभी राहून बाबाला म्हणालीस, "झेंडू उपटला तं देवाले काय वाहशीन? कापूस?" बाबा म्हणाला, "वाहीन. देवालेबी भाव समजते." बाबा त्या दिवसांत असाच बोलायचा. बैलांच्या शिंगांना त्याने चांदीच्या शेंब्या बसवल्या, स्वतःला जरीकाठी फेटा घेतला, आणि नवीन निघालेल्या मुलींच्या शाळेत मला घातलं, कारण एका दलालाने त्याला सांगितलं की आता मोठ्या घरच्या पोरी शिकतात. आपण मोठ्या घरचे झालो असं त्याला वाटत होतं. तुला कधी वाटलं नाही. तू पूर्वीसारखीच ओसरीवर रेचा घेऊन बसायचीस आणि बोंडातल्या कापसातून सरकी काढायचीस. पिवळा पडलेला, किडका कापूस बाजूला राहायचा. त्याच्या तू बाहुल्या करायचीस.

तुझी बाहुली मला आजही डोळे मिटून करता येईल. जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्यात तो टाकाऊ कापूस, वरून सुताचे वेढे, झालं डोकं. खाली दोन काड्यांची फुली, झालं अंग. तोंड नाही, डोळे नाहीत. आळीतल्या प्रत्येक पोरीकडे तुझ्या हातची एक तरी असे, आणि सगळ्या सारख्या. मी रेच्यापाशी बसून तुला विचारते आहे, "माय, हिले डोळे काहून नाही काढत?" तू मान वर करत नाहीस. "कायले? तिले पाहाचं काय हाय? पाहाचं तं तुले हाय." "अन् नाव?" "नाव कायले? आज लुगडं नेसोलं तं नवरी, उद्या धोतर नेसोलं तं सावकार, पाटावर बसोली तं देव. नाव ठेवलं का ते अडकली. मंग तुले दुसरी पाह्यजे, तिसरी पाह्यजे. येवढा कापूस कोनाच्या बापाचा हाय?"

हे तुझं म्हणणं पुढे शाळेत शिकवताना मला पुष्कळदा आठवलं. पोरींच्या हातात चेहरा नसलेली बाहुली दिली की त्या तासभर तिचं काय काय करतात, हे मी पाहिलं आहे. तू चुकीचं बोलत नव्हतीस. पण ते पुरतं नव्हतं, आणि तू मनातलं सगळं बोलत नव्हतीस, एवढं मला आज नक्की सांगता येतं.

मग ती आली. मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याने बाबाला भेट दिली. लाकडी पेटी, पेटीत कापूस, कापसात ती. बाबा पेटी उघडताना म्हणाला, "पाय, आपलाच कापूस गेला अन् मेम घिऊन वापस आला." पांढरं चिनी मातीचं तोंड, निळे डोळे, पिवळे केस, निळा झगा, पायांत रंगवलेले तपकिरी बूट. आळी लोटली. माझी आत्या, बाबाची बहीण, म्हणाली, "जात कोनती इची? चुलीजवळ नका आनू बापा." कोणी म्हणालं, हिचा घरधनी कुठे असेल? कोणी म्हणालं, हिचा घरधनी लढाईत असेल, म्हणून तर कापसाला भाव. सगळे हसत होते. तू लांबून पाहिलंस आणि म्हणालीस, "हिले तं अगुदरच डोळे हायेत." एवढंच. मला तेव्हा वाटलं, तुला ती आवडली नाही.

पोरींनी तिचं लग्न ठरवलं. नवरदेव तुझ्याच हातचा, चिंधीचा, त्याला बाबाच्या जुन्या फेट्याचं धोतर नेसवलेलं. ओसरीवर मांडव घातला, ज्वारीच्या धांड्यांचा. सगळं तयार झालं आणि नवरदेवाकडची पोरगी, आपल्या शेजारची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाव काय वं इचं?" मी म्हटलं, "नाही नाव." "मंग लगन नाही. नवरदेवानं नाव घ्याचं कोनाचं? 'चांदीच्या ताटात गुळाची ढेप' म्हनन, अन् पुढं काय म्हनन? 'मेमसायबाची झेप'?" सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले. मी शाळेत जाणारी, माझ्याच नवरीला नाव नाही. आणि मी जे पहिलं गोड नाव तोंडात आलं ते सांगून टाकलं.

ते नाव मी रोज पहाटे ऐकत होते. तू जात्यावर बसायचीस, मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत असायचे, आणि ओवीच्या शेवटाला तू ते नाव घ्यायचीस. कधी म्हणायचीस ती मळ्यात गेली, कधी म्हणायचीस ती पायात वाळे घालून आली. भुलाबाई जशी गाण्यातली, तशी हीही गाण्यातली कोणी, असं मी धरून चालले होते. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तू खिरापत घेऊन बाहेर येते आहेस. ताटात फुटाणे आणि गूळ. दोघी पोरींनी बाबाचं उपरणं अंतरपाट म्हणून धरलं आहे, एक भटजी झाली आहे, आणि शेजारची पोरगी जोरात ओरडते, तुझ्या ओवीतलं ते नाव घेऊन, "अवं, तिले आना! मुहूर्त चालला!" तू उभी राहतेस. मी तुझ्याकडे पाहते आहे आणि मला वाटतं आहे की तू आता हसशील, कारण नाव किती छान निवडलं. तू खाली बसतेस. प्रत्येक पोरीच्या हातावर फुटाणे ठेवतेस, गुळाचा खडा ठेवतेस, एकीलाही वगळत नाहीस. मग उठतेस, पाटावरची नवरी उचलतेस. आम्ही बाहुली उचलायचो ती कमरेला धरून किंवा केसांना धरून. तू एक हात मानेखाली घातलास आणि एक पाठीखाली. पोरी म्हणाल्या, "काकू, नवरी कुठी नेली?" तू वळली नाहीस. म्हणालीस, "माहेरी."

मी मागोमाग चुलीपाशी आले आणि रडू लागले. तू भाकरी थापायला घेतलीस. थापत असताना म्हणालीस, "बाहुलीले नाव नसते."

"काहून?"

"नाव ठेवलं का हाक मारा लागते. हाक मारली का वाट पाहा लागते."

"तू बैलाईले नावं ठेवली ना!"

"बैल ओ देते."

"मंग भुलाबाई? ते देते ओ?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस. पाणी फिरवलंस. मग म्हणालीस, "तिची वाट पाहाले साऱ्या गावच्या पोरी हायेत."

त्या संध्याकाळी विहिरीपाशी आत्याने मला बाजूला घेतलं. "माय तुह्यावर चिडली नाही," ती म्हणाली. "तुह्या अगुदर एक होती. चालाले लागली होती. कुठूनबी हाक मारा, 'ओ' म्हनत दुडूदुडू ये. देवी आल्या तवा गेली. तुही माय मंग कितीक दिवस हाका मारे. मळ्यात हाक मारे, ओसरीवर हाक मारे. तुह्या बाबानं सांगतलं, आता या घरात ते नाव कोनी घ्याचं नाही. जात्यावर ते घे, तेवढं त्यानं आयकूनबी न आयकल्यासारखं केलं." दुसऱ्या दिवशी पहाटे जातं चाललं, पण ओवी आली नाही. पुढे कधीच आली नाही.

माय, लोक मला म्हणतील की पोरीने चूक केली, आईच्या जखमेवर बोट ठेवलं. मी ते मानत नाही. तेव्हाही मानलं नाही, आज तर नाहीच. ज्या घरात गेलेल्या पोरीचं नाव घ्यायचं नाही असं ठरतं, त्या घरात ते नाव हिंडत राहतं आणि पहिली रिकामी जागा दिसली की तिथे जाऊन बसतं. ते माझ्या बाहुलीवर बसलं. बरं झालं. नाहीतर कुठे गेलं असतं? तुम्ही दोघांनी तिची जागा, तिचे वाळे, तिचं नाव सगळं पुसून काढलंत आणि त्याला शहाणपण म्हणालात. मी आठ-नऊ वर्षांची पोरगी, मला काही माहीत नव्हतं, तरी मीच एकटी त्या घरात तिला लग्नाला बोलावत होते.

तिकडची लढाई संपली. भाव गेला. बाबाचं बोलणं कमी झालं, बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली, मेथीचे वाफे पुन्हा बांधले, तू झेंडू पुन्हा लावलास. शाळा मात्र सुटली नाही, तूच म्हणालीस, "चालली तं चालू द्या. अक्षरं काही भावानं उतरत नाहीत." हे तुझं बोलणं मी विसरलेली नाही, भांडत असले तरी. एके दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी भर दुपारी घरी आले. बाबा मळ्यात. आत्या माहेरपणाला आलेल्या कोणाकडे गेलेली. माजघराच्या दारात मी थांबले, कारण आतून तुझा आवाज येत होता. ज्वारीच्या कणगीपाशी तू उभी होतीस, पाठमोरी, खांद्यावर काहीतरी धरलेलं. तू ते नाव घेतलंस. ओवीत नाही, हाक मारतात तसं, शेवटचं अक्षर लांबवून. मग गप्प झालीस आणि मान एका बाजूला कलती केलीस. दुरून कोणाचं उत्तर ऐकायला माणूस करतो तशी. मी ओसरीवर परत गेले आणि पाय आपटत, मोठ्याने बडबडत पुन्हा आत आले. तोवर तू चुलीपुढे होतीस. "भूक लागली का वं?" म्हणालीस. मी म्हटलं, "हो."

म्हणजे तू ठेवलं होतंस ना नाव? मला ठेवू दिलं नाहीस आणि स्वतः ठेवलंस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलायची आपली रीत नव्हती. आज बोलते.

तू महामारीत गेलीस तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. मी आले तेव्हा तुला नेऊन झालं होतं. काही दिवसांनी आत्या म्हणाली, कणगीतली ज्वारी काढून घे. मी हात घातला आणि तळाशी ती लागली. निळा झगा नव्हता. तुझ्या हिरव्या लुगड्याचं अंगडं शिवून घातलेलं होतं, डोक्याला टोपडं. अंगडं नवं होतं, माय. जुनं, त्या पोरीचं, ठेवणीतलं असतं तर मी समजले असते. पण ते या बाहुलीच्या मापाने बेतलेलं होतं, बाह्यांना दुहेरी दोरा, म्हणजे रोज घालायचं म्हणून शिवलेलं. पायांवरचा बुटांचा रंग घासघासून काढलेला, पाय उघडे. आणि गालावर काजळाची तीट. दृष्ट लागू नये म्हणून. ज्या बाईने आळीतल्या एकाही बाहुलीला डोळे काढले नाहीत, तिने हिला तीट लावली.

ती मी घेऊन आले. पुढे माझा नवरा वारला. आपल्यात पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात, सगळ्यांनी तेच सांगितलं, मी नाही म्हटलं. अकोल्याच्या शाळेत नोकरी धरली. रेल्वे झाली होती, सुट्टीत हिंडता येई. जत्रेत बाहुली दिसली की घेई. तू विचारशील, कशाला? या एकटीला सोबत म्हणून. पातूरच्या जत्रेतली चिमा आली. तिला कोणाच्या डाव्या हाताला बसवलेलं चालत नाही, लगेच कलंडते. चिखलदऱ्याच्या वाटेवर एका कोरकू म्हाताऱ्याने कोरून दिलेला सागाचा एक आहे, त्याचं नाव भुऱ्या. तो कमी बोलतो, पण घरात कोणी आजारी असलं की मी त्याला उशाशी ठेवते. धामणगावच्या स्टेशनाबाहेर एक मिळाली, विकणारा म्हणाला बाप्या आहे, धोतर-फेटा सगळं होतं. घरी आणून रोज पाहिलं, मला तो बाप्या वाटेना. शेवटी धोतर सोडलं, लुगडं नेसवलं, आणि बाई हुश्श करून बसली. तिचं नाव राही. तुझ्या मते कपडा बदलला की माणूस बदलतं. मी म्हणते, माणूस आधी असतं, कपडा त्याला शोधत येतो. हसायचं तर हस. शाळेतल्या पोरी कधी घरी आल्या तर मी त्यांना सांगते, ही राही, हिच्यासमोर स्टेशनची गोष्ट काढू नका. त्या काढत नाहीत. का, ते त्यांना सांगावं लागत नाही, समजतं.

आज तो कारकून परत आला. साहेबांना विचारून आलो म्हणाला. साहेबांचं म्हणणं असं की नावं लिहिता येणार नाहीत, त्याने पाहणाऱ्याचा गोंधळ होईल. आणि विलायती बाहुलीचा डाग पुसून, तिला झगा शिवून मगच ठेवता येईल. "नाहीतर लोक म्हणतील, हे काय ध्यान! ना धड मेम, ना धड कुणब्याची पोर."

मी म्हटलं, "ती माळ्याची आहे."

तो म्हणाला, "बाई, हट्ट कशाला? तुमच्यानंतर या सगळ्या उकिरड्यावर जातील. तिथे नाव काय कामाचं?"

मी त्याला गूळ-पाणी दिलं. चिठ्ठ्या सगळ्या सोडून त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हटलं, "उकिरड्यावर गेल्या तर आपापल्या नावाने जातील. तुमच्या कपाटात त्या जिवंतपणी हरवतील." तो गेला. तुझा नातू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सूनबाई मात्र मघाशी येऊन गेली. फळीपाशी उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, डाव्या हाताले नाही बसवाचं ते कोनती?" मी चिमा दाखवली. तिने तिला उचलून उजवीकडे ठेवलं. पुढे काय होईल ते होवो, आज तरी एवढं झालं.

मी जिंकले असं मला म्हणायचं आहे, आणि मी म्हणते. नाव ठेवलं पाहिजे. ओ येणार नसली तरी ठेवलं पाहिजे. ओ येणार नसेल तर जास्तच. ज्यांना ओ देता येते त्यांची नावं जग सांभाळतं. तिचं नाव मी या कागदावर लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते दोऱ्याने बांधायचं नाही आणि शाईत बुडवायचं नाही, ते फक्त म्हणायचं आहे. हा कागदही कुठे धाडायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला तिथे कोण असेल, मला माहीत नाही.

एक मात्र सांगून ठेवते, भांडणात धरू नकोस. रोज दिवेलागणीला मी फळीपाशी बसते आणि एकेकीला हाक मारते. चिमाला मारते आणि पुढे जाते, भुऱ्याला मारते, राहीला मारते, पुढे जाते. शेवटी हिरव्या अंगड्यातलीला, शेवटचं अक्षर लांबवून, तुझ्यासारखं. आणि मग मला लगेच उठता येत नाही. मान एका बाजूला कलते, आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहते.